१२८ कोर घेऊनही लॅपटॉपच पुढे का गेला?

प्रश्न थोडक्यात असा: सांख्यिकी भौतिकीत पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात नवीन खातं उघडलं. पायथॉनमध्ये लिहिलेलं आयझिंग मॉडेलचं (जाळीवर मांडलेले, वर किंवा खाली तोंड असलेले छोटे चुंबक म्हणजे स्पिन) मॉन्टे कार्लो सिम्युलेशन, म्हणजे यादृच्छिक संख्या वापरून केलेली गणना, तिच्या लॅपटॉपवर साडेपाच तासांत पूर्ण व्हायचं. केंद्रात तिने १२८ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणना करणारे भाग) आणि सात दिवसांची मुदत मागितली. जॉब, म्हणजे केंद्राला चालवायला दिलेलं काम, दोन दिवस रांगेत राहिला आणि मग चालायला आठ तास लागले. वर केंद्राकडून ई-मेल आली, की तुमच्या जॉबची कार्यक्षमता ०.८ टक्के आहे. तिला असे रन २०० तापमानांवर, प्रत्येकी पाच, करायचे आहेत. गाईड म्हणतात जीपीयू (हजारो छोटे कोर असलेलं ग्राफिक्स कार्ड) घे. मशीनमध्ये काही बिघाड आहे का, आणि आता किती कोर मागायचे?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या ई-मेलमध्येच आहे. १०० ला १२८ ने भागून बघा, ०.७८ येतात. म्हणजे आठ तास एक कोर जीव तोडून राबला आणि उरलेले १२७ नुसते तुमच्या नावावर अडकून पडले. मशीन धडधाकट आहे. तुमचा प्रोग्रामही चुकीचा नाही, तो एका कोरवर चालेल असा लिहिलाय एवढंच. जॉब स्क्रिप्टमध्ये १२८ लिहिल्याने प्रोग्रामचे आपोआप १२८ तुकडे पडत नाहीत. शेड्युलर, म्हणजे रांग सांभाळणारा केंद्राचा प्रोग्राम, कोर राखून ठेवतो, काम वाटून घ्यायचं ते प्रोग्रामने. हा आकडा ओळखायची सवय लावून घ्या. ६४ कोर मागितल्यावर १.६ टक्के आले किंवा ३२ मागितल्यावर ३.१ आले, की बाकी काही न तपासता समजायचं की एकच कोर चालतोय. आकडा ५० टक्क्यांवर घुटमळत असेल तर बऱ्याचदा हायपरथ्रेडिंगचा मामला असतो. शेड्युलर एका खऱ्या कोरचे दोन मोजत असतो.

आता लॅपटॉपपेक्षा अडीच तास जास्त का लागले? कारण सुपरकॉम्प्युटरमधला एकेकटा कोर सुपर नसतो. चांगल्या लॅपटॉपचा प्रोसेसर एकाच कोरवर भार असला की साडेचार-पाच गिगाहर्ट्झपर्यंत उसळी मारतो. सर्व्हरच्या एका चिपवर ६४ किंवा त्याहून जास्त कोर बसवलेले असतात, त्या सगळ्यांना मिळून ठरावीक वीज आणि ठरावीक उष्णता यांच्या मर्यादेत राहावं लागतं, म्हणून प्रत्येकाचा वेग दोन-अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास बेताचा ठेवतात. एका कोरच्या शर्यतीत लॅपटॉप जिंकणं हे नवल नाही.

आज विद्यापीठांमध्ये जी यंत्रं उभी आहेत, ती बहुतेक सगळी क्लस्टर जातीची आहेत. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे ४८६ प्रोसेसरचे संगणक इथरनेटने जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचं यंत्र तयार केलं. आपल्या केंद्रांची वंशावळ तिथून निघते. नोड म्हणजे एक संगणक, असे शेकडो-हजारो नोड, मध्ये वेगवान नेटवर्क, एका बाजूला सामाईक साठवण आणि वर लिनक्स. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० यंत्रांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही उरलेलंच नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने तर २००३ मध्ये ११०० ॲपल पॉवर मॅक जी-५ जोडून त्या यादीत तिसरा क्रमांक पटकावला होता. पुढच्याच वर्षी ते सगळे मॅक काढून सर्व्हर जातीचे नोड बसवावे लागले, कारण पॉवर मॅकच्या मेमरीत चूक-दुरुस्तीची सोय नव्हती. दिवसेंदिवस चालणाऱ्या गणनेत कुठे एक बिट उलटला तर उत्तर चुकतं, आणि ते चुकलंय हे कुणालाच कळत नाही. तुमचा नोड तुमच्या लॅपटॉपपेक्षा संथ असेल, पण या बाबतीत तो जास्त विश्वासाचा आहे.

किती कोर मागायचे याचं उत्तर: एका रनला एक. गंमत नाही करत आहे. तुमच्याकडे २०० तापमानं आणि प्रत्येकी पाच रन, म्हणजे १००० स्वतंत्र कामं आहेत. त्यांना एकमेकांशी काही बोलायचंच नाही. समांतर गणनेत याहून सोपा प्रकार नसतो आणि तुम्हाला तो आयताच मिळालाय. एक मोठा जॉब टाकण्याऐवजी एक-एक कोरचे जॉब एकत्र टाका. स्लर्म नावाच्या शेड्युलरमध्ये याला जॉब ॲरे म्हणतात: स्क्रिप्ट एकच, पण शेड्युलर तिच्या प्रत्येक प्रतीला एक अनुक्रमांक देतो, आणि तुमचा प्रोग्राम तो क्रमांक वाचून कुठलं तापमान घ्यायचं ते ठरवतो. आठ तासांचे १००० रन म्हणजे ८००० कोर-तास. एका वेळी २०० कोर मिळाले तर ४० तासांत काम फत्ते, आणि कार्यक्षमतेचा आकडा शंभराच्या जवळ.

इथे दोन खड्डे आहेत आणि नवीन माणूस हमखास त्यात पाय घालतो. पहिला, यादृच्छिक संख्यांचा सीड, म्हणजे त्या संख्या जिथून सुरू होतात तो आकडा. प्रोग्राममध्ये सीड कायम ४२ लिहून ठेवला असेल तर एका तापमानाचे पाचही रन तंतोतंत सारखे येतील. तुम्ही पाच उत्तरांची सरासरी काढाल, फरक शून्य येईल, आणि एरर बार किती छान आलाय म्हणून आनंदही होईल. त्यावर उपाय म्हणून लोक घड्याळातल्या सेकंदावरून सीड घेतात. ते आणखी वाईट, कारण ॲरेतले पन्नास-साठ जॉब एकाच सेकंदाला सुरू होतात आणि त्या सगळ्यांना एकच सीड मिळतो. यातली चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. नम्पाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीत सीड-सीक्वेन्स नावाची सोय आहे. तिला एक मूळ सीड आणि ॲरेचा अनुक्रमांक द्या, ती वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले प्रवाह काढून देते. मूळ सीड आणि क्रमांक दोन्ही निकालाच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी परीक्षकाने शंका काढली तर तोच रन पुन्हा करता येईल.

दुसरा खड्डा थ्रेडचा, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांचा. नम्पायच्या पोटात रेषीय बीजगणिताची जी लायब्ररी असते, ती नोडवर १२८ कोर दिसले की १२८ थ्रेड उघडायला बघते. तुमच्या जॉबला कोर एकच मिळालेला, मग ते सगळे थ्रेड त्या एका कोरसाठी मारामारी करत बसतात आणि रन उलटा मंदावतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ओएमपी-नम-थ्रेड्स (OMP_NUM_THREADS) या व्हेरिएबलची किंमत १ करून टाका. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ नसल्यामुळे मंदावलेले जॉब मी आठवड्याला बघतो.

पण थांबा, ॲरे टाकायची घाई करू नका. आधी प्रोग्रामकडे बघू. तुम्ही बहुधा वापरताय त्या मेट्रोपोलिस पद्धतीत एक-एक स्पिन घ्यायचा, उलटवल्यास ऊर्जा किती बदलते ते काढायचं, स्वीकारायचं की नाही ते ठरवायचं, पुढच्याकडे जायचं. हे चक्र शुद्ध पायथॉनच्या ‘फॉर’ लूपमध्ये फिरवणं म्हणजे प्रत्येक बेरजेसाठी इंटरप्रिटरची पूर्ण प्रक्रिया करणं. त्या लूपचं फंक्शन नंबाने (पायथॉनचा कोड यंत्रभाषेत नेणारं साधन) कंपाइल करा किंवा तेवढा भाग सी मध्ये लिहा. अशा लूपमध्ये पन्नास-शंभर पट वेग वाढणं ही रोजची गोष्ट आहे. पन्नास पट जरी धरला तरी आठ तासांचा रन दहा मिनिटांवर येतो. हजार रनचे मिळून १६७ कोर-तास. ८००० च्या जागी १६७! कुठलंही केंद्र एवढा फरक तुम्हाला जादा हार्डवेअर देऊन पाडून देणार नाही. मग मात्र दहा मिनिटांचे हजार जॉब टाकू नका, कारण प्रत्येक जॉब सुरू करण्याचा आणि आवरण्याचा शेड्युलरवर भार पडतो. दहा-दहा रन एका जॉबमध्ये बांधा. पावणेदोन तासांचे शंभर जॉब होतील, आणि रांगेच्या दृष्टीने तो आकार फार सोयीचा आहे. का, ते पुढे सांगतो.

त्याच्याही आधी, पद्धत बदलता येते का ते बघा. द्विमितीय चौकोनी जाळीवर लार्स ऑन्सागरने १९४४ मध्ये अचूक उत्तर काढलं, संक्रमण तापमान, म्हणजे जिथे चुंबकत्व नाहीसं होतं ते, २.२६९ च्या जवळ. या तापमानापाशी मेट्रोपोलिस अक्षरशः चिखलात रुतते. एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन नमुने मिळायला किती फेऱ्या लागतात, तो आकडा जाळीच्या लांबीच्या साधारण २.१७ व्या घाताने वाढतो. जाळीची लांबी दुप्पट केली की फेऱ्या साडेचार पट, आणि प्रत्येक फेरीत स्पिन चौपट. म्हणजे एकूण काम १८ पट. ३२ वरून २५६ वर जायचं म्हणजे तीन वेळा दुप्पट. १८ चा घन करून बघा, जवळजवळ सहा हजार पट होतो. हा खर्च कोर वाढवून भागत नाही. १९८७ मध्ये स्वेंडसेन आणि वांग यांनी, आणि १९८९ मध्ये उली वोल्फ यांनी एक-एक स्पिनऐवजी स्पिनचे अख्खे पुंजके उलटवायची पद्धत दिली. तिच्यात हा मंदपणा जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्या मॉडेलमध्ये बाह्य क्षेत्र किंवा उलटसुलट चिन्हांच्या जोडण्या नसतील तर वोल्फची पद्धत शंभरेक ओळींत लिहून होते. आणि २०० तापमानं खरंच हवीत का? फेरेनबर्ग आणि स्वेंडसेन यांच्या १९८८ च्या हिस्टोग्राम पद्धतीने एका तापमानाच्या रनमधून आजूबाजूच्या तापमानांची उत्तरं काढता येतात. संक्रमणाच्या जवळ दाट आणि लांब विरळ, असं वाटप केलं तर बरीच कमी तापमानं पुरतील. यात मात्र तुमच्या गाईडचा शब्द माझ्यापेक्षा वरचा.

जीपीयूबद्दल गाईडचं म्हणणं मुळात बरोबर आहे, पण या घडीला नाही. जीपीयूची खरी ताकद मेमरीच्या वेगात असते. एनव्हिडियाच्या ए-१०० च्या ८० गिगाबाइटच्या आवृत्तीत मेमरीतून सेकंदाला सुमारे दोन टेराबाइट माहिती येते-जाते, तर आठ चॅनेलच्या डीडीआर-४ मेमरीच्या सर्व्हर प्रोसेसरला सुमारे २०५ गिगाबाइट मिळतात. दहा पट. मात्र तिच्यातले ६९१२ छोटे कोर एकाच वेळी कामाला लावले तरच तो फायदा पदरात पडतो. आयझिंगमध्ये जाळी बुद्धिबळाच्या पटासारखी रंगवतात आणि सगळे काळे स्पिन एकदम बदलतात, कारण काळ्याचे शेजारी पांढरेच असतात. पण तुमची जाळी ६४ बाय ६४ ची असेल तर काळी घरं २०४८ भरतात. कार्ड अर्ध्याहून जास्त रिकामं. शिवाय वोल्फची पुंजक्यांची पद्धत जीपीयूला मानवत नाही. जाळी हजार बाय हजारच्या पुढे गेली की पुन्हा बोलू. तोवर जीपीयूची रांग अडवू नका. ती सगळ्यात लांब असते. आणि नुसत्या नम्पायच्या प्रोग्रामला जीपीयू देऊन काहीच होत नाही, तो तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

आता रांगेबद्दल, कारण तुमचा खरा राग त्या दोन दिवसांचा दिसतोय.

शेड्युलर आधी प्रत्येक जॉबचा अग्रक्रम काढतो. त्यात जॉब किती वेळ थांबलाय हे असतं, पण बहुतेक विद्यापीठांत जास्त वजन असतं ते न्याय्य वाट्याला: तुमच्या गटाने गेल्या काही दिवसांत यंत्र किती वापरलं. आणि वापर मोजला जातो तो अडवलेल्या कोरवरून, राबलेल्या कोरवरून नाही. तुमच्या त्या आठ तासांच्या रनची नोंद १२८ गुणिले ८, म्हणजे १०२४ कोर-तास अशी झाली. काम झालं आठ कोर-तासांचं. खातं गटाचं असल्याने तुमच्या लॅबमधल्या इतरांचाही अग्रक्रम त्यामुळे घसरला असणार. हा जुना वापर हळूहळू विसरला जातो. स्लर्ममध्ये तो निम्मा व्हायचा काळ मुळात सात दिवसांचा असतो, केंद्र तो बदलू शकतं. तेव्हा पुढचा आठवडाभर जॉब जरा उशिरा लागले तर तुमच्यावर कुणी डूख धरलेला नाही.

दुसरी गोष्ट जागेची. १२८ कोर म्हणजे बहुधा तुमच्या केंद्रातला एक अख्खा नोड. अख्खा नोड मोकळा व्हायला त्यावरचे सगळे जॉब संपावे लागतात. एका कोरचा जॉब मात्र कुठल्याही फटीत बसतो. आणि फटी असतातच, कारण शेड्युलर एखाद्या मोठ्या जॉबसाठी नोड जमवत असतो. समजा ४० नोडचा जॉब सर्वात पुढे आहे, त्यातले ३१ मोकळे झालेत आणि उरलेले नऊ तीन तासांनी सुटणार आहेत. ते ३१ नोड तीन तास रिकामे ठेवायचे का? ज्याची मुदत तीन तासांच्या आत संपते असा मागचा जॉब तिथे चालवून घ्यायचा, पुढच्याला त्याचा काही त्रास नाही. याला बॅकफिल म्हणतात. ही युक्ती १९९५ च्या सुमारास आर्गोन प्रयोगशाळेत आयबीएमच्या एसपी यंत्रासाठी डेव्हिड लिफ्का यांनी बसवली आणि आज ती सगळीकडे आहे. शेड्युलरला तुमचा जॉब किती वेळ चालणार हे कसं कळतं? तुम्ही लिहिलेल्या मुदतीवरून. तुम्ही लिहिले सात दिवस. तीन तासांच्या फटीत सात दिवसांचा जॉब कोण घालणार? आठ तासांच्या कामाला दहा तास लिहिले असते तर रात्रीतून लागून गेला असता. पावणेदोन तासांच्या जॉबला अडीच तास लिहा. मोजलेल्या वेळाच्या सव्वा ते दीड पट हे माप ठीक पडतं.

त्यात आणखी एक: केंद्राची देखभालीची तारीख जवळ आली असेल तर त्या तारखेच्या पलीकडे जाणारे जॉब शेड्युलर सुरूच करत नाही. देखभाल पाच दिवसांवर असताना सात दिवसांची मुदत मागणारा जॉब नुसता पडून राहतो, शेजारी नोड रिकामे दिसत असले तरी. रांगेच्या यादीत शेवटच्या रकान्यात कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. ‘प्रायॉरिटी’ म्हणजे तुमच्या पुढे लोक आहेत, ‘रिसोर्सेस’ म्हणजे तुमचाच नंबर आहे पण जागा सुटायची आहे. तिथे ‘मेंटेनन्स’ दिसलं तर मुदत कमी करून पुन्हा टाका. मुदत कमी करायला जॉब काढून टाकायचीही गरज नसते. रांगेत असताना वापरकर्त्याला ती स्वतः खाली आणता येते, वर मात्र नेता येत नाही.

रांग खटकणं मी समजू शकतो. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉय विद्यापीठातल्या लॅरी स्मार यांना कृष्णविवरांच्या गणनेसाठी जर्मनीत म्युनिकला जाऊन तिथला क्रे सुपरकॉम्प्युटर वापरावा लागला होता, आणि क्रे तर अमेरिकेतच बनायचा. त्यांनी सरकारकडे सविस्तर प्रस्ताव मांडला, त्यातून इलिनॉयचं एनसीएसए हे सुपरकॉम्प्युटिंग केंद्र १९८६ मध्ये उघडलं आणि तेच त्याचे पहिले संचालक झाले. विद्यापीठाच्या आवारात सगळ्या विभागांसाठी सामाईक सुपरकॉम्प्युटर असावा ही रीत त्या पिढीने पाडली. सामाईक म्हटलं की रांग आलीच.

मग १२८ कोर एकाच जॉबला कुणाला लागतात? तुमच्याच विभागात कुणी रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करत असेल, त्याला विचारा. तिथे काळाची एक पायरी दोन फेम्टोसेकंदांची असते. एक मायक्रोसेकंद गाठायला अशा ५० कोटी पायऱ्या, आणि एक संपल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. काळाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या कोरना वाटता येत नाहीत, म्हणून प्रत्येक पायरीतले अणू वाटतात. मग प्रत्येक पायरीला शेजारच्या कोरला विचारावं लागतं की तुझ्या हद्दीवरचे अणू आता कुठे आहेत. केंद्राने ज्या महागड्या नेटवर्कवर पैसे घातले ते यासाठी. निरोप पोचायला एक-दोन मायक्रोसेकंद लागतात, साध्या इथरनेटवर त्याच्या कितीतरी पट. तुमच्या हजार रनना त्या नेटवर्कचा काडीचा उपयोग नाही.

त्यांनाही कोर वाढवत नेले की वेग वाढतच जातो असं नाही. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब साधा आहे. प्रोग्रामचा पाच टक्के भाग वाटता येत नसेल तर १६ कोरवर वेग ९.१ पट होतो, ६४ वर १५.४ आणि १२८ वर १७.४. ६४ चे १२८ केल्याने हाती दोन लागतात. अनंत कोर लावले तरी २० च्या वर जाता येत नाही. १९८८ मध्ये जॉन गस्टाफसन यांनी याला उत्तर दिलं की मोठं यंत्र मिळालं की माणूस तोच प्रश्न घेऊन बसत नाही, मोठा प्रश्न घेतो, आणि मग न वाटता येणाऱ्या भागाचं प्रमाण घटतं. सँडिया प्रयोगशाळेत १०२४ प्रोसेसरवर हजार पटीच्या पुढचा वेग दाखवून त्यांनी ते सिद्धही केलं. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. रेणूंवर काम करणाऱ्या तुमच्या त्या सहकाऱ्याने आपला प्रश्न यातल्या कुठल्या जातीचा आहे ते मोजून ठरवावं: तोच छोटा रन १, २, ४, ८, १६, ३२ कोरवर दहा-दहा मिनिटं चालवायचा आणि जिथे दुप्पट कोरना दीड पटही वेग मिळेनासा होतो तिथे थांबायचं. वेळवाटपाच्या अर्जात असा एक तक्ता जोडला की समितीचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

आणि त्या ०.८ टक्क्यांनी खजील होऊ नका. माप वेगळं आहे, पण सांगण्यासारखं आहे: जपानच्या फुगाकू यंत्राने लिनपॅक या चाचणीत ४४२ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला दहाच्या पंधराव्या घाताइतक्या गणना) गाठले, तेच यंत्र एचपीसीजी या मेमरीवर ताण देणाऱ्या चाचणीत १६ पेटाफ्लॉप्सवर आलं, आणि तरीही त्या वेळी त्या चाचणीत ते जगात पहिलं होतं. वर्तमानपत्रात येतो तो पहिला आकडा.

राहिलं फाइलींचं. मॉन्टे कार्लोवाल्यांना दर मोजमापाला एक छोटी टेक्स्ट फाइल लिहायची फार हौस असते. हजार रन आणि प्रत्येकी दहा हजार फाइली म्हणजे एक कोटी फाइली. केंद्राची सामाईक साठवण बहुधा लस्टरसारखी असते: गोदाम अवाढव्य, दारं भरपूर, पण वहीवर बसलेले मुनीम मोजकेच. प्रत्येक फाइल उघडताना आणि बंद करताना त्यांच्याकडे जावं लागतं. मोठी फाइल ओतायला काही वाटत नाही, पण कोटभर चिटोऱ्यांनी सगळ्या विद्यापीठाचं काम तुंबतं. एका रनची एकच एचडीएफ-५ (भरपूर आकडे एकत्र ठेवणाऱ्या प्रकारची) फाइल ठेवा, मोजमापं मेमरीत साठवून हजार-हजारच्या घासाने लिहा. पायथॉनचं एन्व्हायर्नमेंट म्हणजेही हजारो बारीक फाइली असतात आणि शंभर जॉब एकदम सुरू झाले की सगळे त्याच वाचायला धावतात. ते ॲपटेनरच्या कंटेनरमध्ये एका फाइलीत बांधून टाकलं तर उत्तम.

स्क्रॅचवर, म्हणजे केंद्राच्या तात्पुरत्या साठवणीवर, काम करा पण तिथे काही साठवू नका. ठरावीक दिवस हात न लावलेल्या फाइली तिथून आपोआप पुसल्या जातात, आणि स्क्रॅचचा बॅकअप कुठलंही केंद्र सहसा घेत नाही.

तुमचे जॉब आता छोटे असतील, त्यामुळे चेकपॉइंटची, म्हणजे गणनेची अवस्था मध्येच लिहून ठेवायची, चिंता नाही. पुढे दिवसभराचे रन आले तर जॉन यंग यांचं १९७४ चं सूत्र वापरा: चेकपॉइंट लिहायला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी वेळ यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिचं वर्गमूळ काढायचं. लिहायला पाच मिनिटं आणि बिघाड सरासरी दिवसातून एकदा, तर दर दोन तासांनी. मुदत संपल्यावर जॉब किल होतो तेव्हा स्लर्म आधी सूचना देतो आणि मुळात ठरवलेल्या ३० सेकंदांनी गळा आवळतो. तीस सेकंदांत मोठी अवस्था लिहून होत नाही, म्हणून ती सूचना दहा मिनिटं आधी मिळावी असं स्क्रिप्टमध्येच मागून ठेवता येतं.

तर आता क्रम असा ठेवा. लॉगिन नोडवर काही चालवू नका, तो सगळ्यांचा दरवाजा आहे. एक कोर आणि एक तासाचा संवादी जॉब घ्या. त्यात छोट्या जाळीवर जुना आणि नंबा लावलेला, दोन्ही प्रोग्राम चालवून वेळ मोजा. एकाच तापमानावर दोघांच्या सरासरी ऊर्जा एरर बारच्या आत जुळतात का ते पाहा. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळणार नाहीत, त्याने दचकू नका. बेरजेचा क्रम बदलला की दशांश बदलतात. दहाचा सोळावा घात अधिक एक वजा दहाचा सोळावा घात, हे संगणकाला फ्लोट म्हणजे दशांश संख्यांत करायला सांगा, शून्य येईल. मग पाच जॉबचा छोटा ॲरे टाका, पाचही सीड वेगळे आलेत ना ते निकालाच्या फाइलींत डोळ्यांनी बघा, मेमरी किती लागली ते जॉबच्या अहवालातून घ्या आणि तेवढीच, थोडी वर धरून, मागा. हे सगळं जुळल्यावर शंभरचा ॲरे सोडा.

आणि त्या ई-मेलला उत्तर जरूर द्या. ती तंबी नसते, बहुतेक ठिकाणी ती दर आठवड्याला स्क्रिप्टच पाठवते, पण उत्तर वाचायला माणूस बसलेला असतो. उत्तरात जॉबचा क्रमांक, स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग आणि आता काय बदललंय एवढं लिहा. ‘माझा जॉब चालत नाही’ एवढ्याच मजकुराच्या ई-मेलवर आमचे दोन दिवस क्रमांक विचारण्यातच जातात.